आनंदाची सक्ती नको, सोबत हवी



शाळेच्या स्नेहसंमेलनात एक कार्यक्रम ठरलेलाच असतो. पहिली-दुसरीची मुले डोक्याला रंगीत कागदाची फुले लावून मंचावर येतात आणि बालकवींची 'आनंदी आनंद' ही कविता हातवारे करीत म्हणतात. एखादे मूल मध्येच ओळ विसरते, प्रेक्षकांत आई कुठे बसली आहे ते शोधू लागते आणि सगळे सभागृह हसून टाळ्या वाजवते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आम्ही पती-पत्नी शेवटच्या रांगेत बसलो होतो. आमची मुलगी तेव्हा सहावीत होती. चोहीकडे हसणे चालले होते आणि आमच्यापैकी एकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. ते कौतुकाचे पाणी नव्हते. शेजारच्या वहिनींनी आपुलकीनेच विचारले, "अहो, इतक्या आनंदाच्या वेळी रडता काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्यापाशी नव्हते. आज थोडेफार आहे, म्हणून हा लेख लिहीत आहोत. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. घरात मुलगी ज्या नावांनी हाक मारते त्याच नावांनी, म्हणजे 'आई' आणि 'बाबा' म्हणून, आम्ही येथे स्वतःविषयी लिहू.

आईला नैराश्याचा आजार झाला होता. 'आजार' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण तो उच्चारायला आम्हालाच पाच-सहा महिने लागले. दुःख कोणाला होत नाही? परीक्षेत गुण कमी पडले, जवळचे माणूस गेले, बदली झाली, की मन खट्टू होतेच, आणि दिवस गेले की सावरतेही. नैराश्य निराळे असते. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन उदास राहते, किंवा ज्या गोष्टी पूर्वी आवडत होत्या त्यांतला रस आटून जातो. त्याबरोबर झोप बिघडते, भूक मंदावते किंवा वाढते, अंग दुखते, थकवा जात नाही, लहानसा निर्णय घेणेही जड होते आणि 'आपण निरुपयोगी आहोत' हा विचार घर करतो. असे झाले की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. मुलांमध्ये तर उदासीऐवजी चिडचिडच जास्त दिसते, त्यामुळे आपण त्यांना हट्टी किंवा आळशी ठरवून मोकळे होतो.

आमच्या घरी याची सुरुवात स्वयंपाकघरात झाली. आई फोडणीला तेल ठेवून उभी राहायची आणि मोहरी टाकायचे तिला सुचत नसे. बाबांना वाटले, थकवा असेल. पुढे तिने हळदीकुंकवाला जाणे सोडले. मग फोन उचलणे सोडले. मग केस विंचरणेही कठीण होऊन बसले.

या काळात आम्हाला सर्वांत जास्त काय मिळाले असेल, तर सल्ला. "आनंदी राहा." "वाईट विचार मनात आणूच नका." "तुम्हाला कमी काय आहे? नवरा चांगला, मुलगी हुशार." "देवाचे नाव घ्या." "फिरून या कुठेतरी." सांगणारे सगळे आपलेच होते आणि त्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ताप आलेल्या माणसाला कोणी "ताप येऊ देऊ नका" असे सांगतो काय? प्रत्येक सल्ल्यानंतर आईच्या मनावरचे ओझे वाढत असे. आधी नुसती उदासी होती. आता 'एवढे सगळे असूनही मी आनंदी नाही, म्हणजे मीच कृतघ्न' हा अपराधही डोक्यावर बसला.

यात बाबांचा वाटा मोठा होता, तेही येथे कबूल करायला हवे. आईच्या वाढदिवसाला त्यांनी तिला न सांगता पंधरा माणसे घरी बोलावली. फुगे, केक, आवडती गाणी, सगळे होते. आई दहा मिनिटे हसली. मग आत जाऊन तिने दार लावून घेतले. पाहुणे केक खाऊन हळूच निघून गेले आणि आमची मुलगी एकटीच फुगे फोडत बसली. त्या रात्री बाबा चिडून म्हणाले, "निदान मुलीसाठी तरी हसायचे होतेस." हे वाक्य आई अजून विसरलेली नाही. बाबाही विसरलेले नाहीत.

आमच्या मते चूक येथेच होते. आनंद ही जणू परीक्षा आहे आणि जो हसला तो उत्तीर्ण, अशी आपली समजूत असते. त्या समजुतीने आजारी माणूस दुहेरी नापास होतो.

येथे पुन्हा बालकवींकडे वळावेसे वाटते. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली खानदेशातील धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, तेव्हा ते अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. मे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. आपल्या मुलांच्या तोंडी आहे तो त्यांचा 'आनंदी आनंद'. पण याच कवीने 'उदासीनता' नावाची एक छोटी कविताही लिहिली आहे. मनाला व्यापणारी उदासी कोठून येते हेच आपल्याला कळत नाही, असा तिचा भाव आहे. बालकवींना कोणता आजार होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मृत कवीची नाडी पाहणारे आम्ही कोण? सांगायचे ते इतकेच, की ज्या लेखणीतून सृष्टीभर पसरलेला आनंद उतरला, त्याच लेखणीतून कारण न सापडणारी उदासीही उतरली, आणि मराठी वाचकांनी शंभर वर्षे दोन्ही जपून ठेवल्या. एका कवितेमुळे दुसरी खोटी ठरली नाही. कवीला जी सवलत आपण आनंदाने देतो, ती घरातल्या माणसाला का देऊ नये?

आईवर उपचार सुरू झाले ते एका साध्या फॅमिली डॉक्टरांमुळे. अंगदुखीची तक्रार ऐकून त्यांनी आधी रक्त तपासले, कारण थायरॉइडच्या बिघाडानेही माणूस असा मलूल होऊ शकतो. मग त्यांनी मनाविषयी दोन-चार प्रश्न विचारले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांचा गुण येऊ लागायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हे आम्हाला कोणी आधी नीट समजावले असते तर बरे झाले असते. दहाव्या दिवशी आम्ही "काही फरक नाही" म्हणून गोळ्या बंद करायला निघालो होतो. आणि बरे वाटू लागल्यावर पुन्हा तोच मोह झाला. डॉक्टरांनी बजावले, की बरे वाटल्यानंतरही कित्येक महिने औषध चालू ठेवायचे असते आणि ते बंद करायचे तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. जोडीला समुपदेशन होतेच.

समुपदेशक ताईंनी एक गोष्ट शिकवली, ती या लेखाचा गाभा आहे. एरवी आपण म्हणतो, उत्साह आला की काम करू. नैराश्यात उत्साहाची वाट पाहिली तर तो येतच नाही. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी अगदी लहान काम, जमेल तेवढे. मन मागून आले तर आले. इंग्रजीत याला 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. आम्ही त्याला 'आजचा चमचा' म्हणू लागलो, कारण ताई म्हणाल्या होत्या, "आजारी माणसाला पंगतीत बसवू नका, चमच्याने भरवा."

मुलीच्या जुन्या वहीची कोरी पाने घेतली. रोज एकच काम लिहायचे, आणि पुढे 'जमले', 'नाही जमले', 'थोडे बरे वाटले' यांपैकी काहीतरी. पहिल्या आठवड्यात काम होते तुळशीला पाणी घालणे. दुसऱ्या आठवड्यात फाटकापर्यंत जाणे. पुढे जवाहर चौकापर्यंत जाऊन कोथिंबिरीची एक जुडी आणणे. काही दिवस वहीत ओळीने 'नाही जमले' आहे. त्या दिवसांबद्दल कोणी काही बोलायचे नाही, हा घरचा नियम. 'थोडे बरे वाटले' हे शब्द प्रथम आले ते मटार सोलताना. त्यानंतर एकदा पावसात मोठ्या तलावावर गेलो होतो, तेव्हा. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना. त्या वाढदिवसाच्या पंधरा माणसांनी जे झाले नाही, ते एका वाटीभर मटारांनी झाले.

मात्र गैरसमज नसावा. मटार सोलून नैराश्य बरे होते असे आम्ही सांगत नाही. आजार होता तसाच होता, त्याच संध्याकाळी आई पुन्हा रडली. पण आजार असतानाही आनंदाचा एक चमचा मिळू शकतो, त्यासाठी पूर्ण बरे होण्याची वाट पाहावी लागत नाही, हे तिला त्या दिवशी कळले. उपचार चालू ठेवायला तेवढे बळ पुरले.

आमच्या मुलीचे काय झाले, हेही सांगायला हवे, कारण हे अंक मुलेही वाचतात. त्या वर्षी तिचे गुण घसरले. कितीतरी दिवस ती डबा न घेता शाळेत गेली, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. एका बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी तिला उभे करून कारण विचारले नाही, घरी चिठ्ठी पाठवली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "मला एवढ्या पोळ्या संपत नाहीत गं, बस माझ्याजवळ." जवळपास दोन महिने हे चालले. बऱ्याच दिवसांनी एकदा पोळी खाता खाता मुलीने आपणहून सांगितले, "बाई, माझी आई आजारी आहे, पण ताप नाही." बाईंनी हे आम्हाला खूप नंतर सांगितले. आमच्या घरातल्या बरे होण्याचा अर्धा वाटा त्या पोळ्यांचा आहे, असे आम्ही मानतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळ मिळाले. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे त्याच्या निर्मात्यांपैकी एक. जगण्यावरून मन उडालेल्या एका तरुणाला, स्वतः नैराश्य सोसलेली जानकी कोकणातल्या घरी आणून ठेवते. ती त्याला उपदेश करीत नाही. जवळच समुद्रकिनाऱ्यावर कासवांच्या संवर्धनाचे काम चाललेले असते. कोकणात हे काम करणारी मंडळी घरट्यांची राखण करतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून अंडी वाचवतात, आणि पिल्ले बाहेर आली की ती समुद्राकडे आपल्या पायांनी चालत जातात. आमच्या मुलीच्या बाईंनी नकळत हीच राखण केली होती.

आता थोडे आपल्या भोपाळविषयी. मनाच्या आजाराचे नाव काढले की पुष्कळ जण म्हणतात, "ही श्रीमंतांची, मोठ्या शहरांची फॅशन आहे." आपल्या शहराने तरी असे म्हणू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. डोळे आणि फुप्फुसे यांच्याकडे सर्वांचे लक्ष गेले, ते साहजिकच होते. पण पुढच्या काही महिन्यांत लखनौच्या मानसोपचारतज्ज्ञांनी गॅसपीडित वस्त्यांतील दहा दवाखान्यांत ८५५ रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १९३ जणांना, म्हणजे जवळजवळ दर चौघा-पाचांमागे एकाला, मानसिक आजार असल्याचे आढळले. त्यांत पाचांपैकी चार स्त्रिया होत्या आणि नैराश्याचे प्रमाण मोठे होते. ही माणसे दवाखान्यात खोकल्याचे, छातीचे दुखणे घेऊन आली होती. १९८५ मध्ये बंगळूरच्या 'निम्हान्स'चे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांच्यासारख्या तज्ज्ञांनी येथल्या साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. म्हणजे ओळखायला शिकवता येते, हे चाळीस वर्षांपूर्वी याच शहरात दिसून आले आहे.

आणि आपला मराठी समाज? १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूरहून किती तरी मराठी कर्मचारी कुटुंबे येथे आली. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरांच्या ओळींत त्यांनी गणपती बसवले, भजनी मंडळे काढली. गेल्या दशकात स्मार्ट सिटीच्या कामासाठी त्यांतील पुष्कळ क्वार्टरे पाडली गेली. अंगणे गेली, शेजार पांगला. पूर्वी एखादी काकू चार दिवस दिसली नाही तर भिंतीपलीकडून हाक येत असे. आता ती हाक आपल्याला ठरवून मारावी लागणार आहे.

ती कशी मारावी, याविषयी आमच्या तीन विनंत्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातला कोणी अचानक गप्प झाला, खेळायला येईनासा झाला, तर त्याला 'मूडी' म्हणून चिडवू नका. नुसते शेजारी बसा. आणि तो किंवा ती "मला जगायचे नाही", "मी नसलो तर बरे" असे काही बोलली, तर ते गुपित ठेवू नका. त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगा. यात मैत्रीशी बेइमानी नाही. स्वतः तुमच्या मनात असे विचार येत असतील तर तेही सांगा. ज्याला प्रथम सांगाल त्याला समजले नाही, तर दुसऱ्याला सांगा.

पालकहो, १४४१६ हा क्रमांक घरातल्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा. ही 'टेली-मानस' नावाची सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि हिंदी, मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. हमीदिया रुग्णालयात आणि एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. त्यात देशातील दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे आणि निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसे उपचारांविना राहत असल्याचे दिसले. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवात शंभर माणसे बसतात. हिशेब प्रत्येकाने आपापला करावा.

विश्वस्त महोदय, आपल्याला एक आग्रहाची विनंती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरच्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. सभागृहाच्या रंगरंगोटीसाठी आपण देणग्या मागतो आणि समाज सढळ हाताने देतो. यासाठीही मागा. पहिली पावती आमच्या नावाने फाडा. समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून नसावी, एवढे मात्र पाहा. तेथे जाताना मुलांना शिक्षेला चालल्यासारखे वाटू नये.

लेखाखाली नाव का नाही, असे काही जण विचारतील. आईची तयारी होती, बाबांचीही होती. पण मुलगी म्हणाली, "माझ्या वर्गातले काय म्हणतील? अजून नको." तिचे म्हणणे आम्ही मानले. तिला असे वाटू नये अशी आपली शाळा व्हावी, यासाठीच तर हा खटाटोप.

आई आज पूर्ण बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही. ती सांभाळून आहे, गोळी घेते, कामावर जाते. वही अजून चालू आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनातही लहान मुले ती कविता म्हणतील आणि आम्ही तेथे असू, बहुधा शेवटच्याच रांगेत. त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसले तर कृपया कारण विचारू नका. जागा असेल तर शेजारी येऊन बसा.

— एक पालक दांपत्य, जवाहर चौक, भोपाळ